सोलरच्या कोटेशनमधली कुठली ओळ कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छतावर ५५० वॅटची १० पॅनेल बसवायची आहेत. कोटेशनमध्ये पॅनेलखाली स्ट्रक्चर, डीसी केबल, एमसी४ कनेक्टर, डीसीडीबी, एसपीडी, इन्व्हर्टर, एसीडीबी, तीन अर्थिंग अशी लांबलचक यादी आहे. त्यातलं खरंच लागतं काय आणि नुसती भरती कुठली? पॅनेल ५,५०० वॅटची असताना इन्व्हर्टर ५ किलोवॅटचाच का? आणि लाइट गेल्यावर सोलरही बंद पडणार असेल तर मग काय उपयोग?

भरतीचं असं यादीत जवळजवळ काहीच नाही. एक वस्तू आहे तशी, ती ओघात येईल. माझा अनुभव उलटा आहे. लोक पॅनेलच्या कंपनीवर महिनाभर चर्चा करतात आणि कनेक्टर, केबल, अर्थिंग या ओळींवर घासाघीस करतात. मला पुढे शिडी चढायला लावतात त्या याच ओळी. पॅनेल स्वतःहून मेलं म्हणून बोलावणं आलंय असं वर्षात क्वचितच होतं. जोड गेला, पाणी शिरलं, स्क्रू ढिला पडला, यासाठी मात्र फोन येतच असतात. म्हणून छतापासून मीटरपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने एकेक भाग बघू.

पॅनेल म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांची माळ. एकेक चकती, म्हणजे सेल, जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देते. उन्हातला प्रकाशकण आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि चकतीच्या दोन थरांमधलं विद्युतक्षेत्र त्याला एकाच दिशेला ढकलतं. आत हलणारा, झिजणारा भाग काहीच नाही, म्हणून पॅनेल २५ वर्षं सहज टिकतं. १९५४ साली बेल लॅब्जने पहिली कामाची सिलिकॉन सेल दाखवली तेव्हा ती पडलेल्या उन्हातला सुमारे ६ टक्के भागच विजेत बदलत होती. आज घरगुती पॅनेल २० ते २२ टक्क्यांपर्यंत जातात. तुमच्या ५५० वॅटच्या पॅनेलवर बहुधा १४४ तुकडे दिसतील. त्या अर्ध्या कापलेल्या सेल असतात. विजेच्या हिशेबाने ७२ सेल एकामागोमाग जोडल्यासारख्याच, म्हणून काहीही न जोडता मोजलं तर एका पॅनेलवर ५० व्होल्टच्या आसपास मिळतात. काम करताना ४१-४२ व्होल्ट आणि १३ अँपियर.

पॅनेलच्या पाठीवरचं लेबल एकदा तरी वाचा. त्यावरचे ५५० वॅट प्रयोगशाळेतले आहेत: दर चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. हवेचं नाही, सेलचं. भर दुपारी छतावरची सेल ६० अंशांपर्यंत सहज तापते आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद घटते. ३५ अंश जास्त म्हणजे १२ टक्क्यांहून थोडी अधिक घट, ५५० चे राहिले ४८० च्या आसपास. वर धूळ, केबलमधली घट. म्हणजे तुमची १० पॅनेल तापलेल्या दुपारी ४,८०० वॅटसुद्धा क्वचित देतील. म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, ५ किलोवॅटचा. ही फसवणूक नाही, नेहमीचा हिशेब आहे. थंड, वाऱ्याच्या, लख्ख उन्हाच्या एखाद्या दिवशी दिवसभराच्या विजेचा आलेख वरून कापल्यासारखा सपाट दिसेल तेव्हा थोडी वीज सोडून द्यावी लागते. वर्षभरात ती किरकोळच भरते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅनेलची ताकद इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त चालते, व्होल्टेज जास्त मुळीच चालत नाही. गंमत अशी की तापल्याने ताकद घटते तशी थंडीने व्होल्टेज वाढतं. १० पॅनेलची एक माळ, आम्ही तिला स्ट्रिंग म्हणतो, २५ अंशांना ५०० व्होल्टची. पहाटे सेल ५ अंशांवर असताना ऊन पडलं तर तीच ५२७ च्या पुढे जाते. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर ठीक. पुढे कुणी ‘अजून दोन टाकून घ्या’ म्हणालं आणि टाकली, की थंड सकाळी ६३० व्होल्ट होतात. असा मेलेला इन्व्हर्टर मी उघडून पाहिलाय. वॉरंटीही गेली, कारण आत नोंद राहते.

पॅनेलच्या मागे छोटा काळा डबा असतो, किंवा अलीकडे तीन छोटे डबे. त्यात तीन डायोड. त्यांचं काम सावलीचं. माळेतून सगळीकडून सारखाच करंट वाहतो. एका सेलवर सावली पडली की ती वीज द्यायची सोडून खायला लागते आणि तापते. डायोड त्या वेळी पॅनेलचा तेवढा तिसरा हिस्सा वगळून करंटला बाजूने वाट करून देतो. एका घरी तक्रार होती की दुपारी तीननंतर युनिट कमी पडतात. छतावर गेलो तर अँटेनाच्या दांड्याची मनगटाएवढी सावली दोन पॅनेलवर आडवी पडलेली. इन्व्हर्टरच्या पडद्यावर स्ट्रिंगचं व्होल्टेज ३५८ होतं. दांडा हाताने वाकवून धरायला सांगितला, सावली सरकली आणि थोड्या वेळात आकडा ३८५ वर गेला. दोन पॅनेलचा एकेक तिसरा हिस्सा, बरोबर तेवढाच फरक. अँटेना हलवली, काम संपलं. म्हणून पॅनेलची जागा ठरवताना सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली बघा. बारा वाजता सगळीच छतं चांगली दिसतात.

स्ट्रक्चरबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं ते पॅनेलचं वजन पेलण्यासाठी असतं. खरी परीक्षा वाऱ्याची असते, तो पॅनेलला खालून पतंगासारखं उचलतो. गरम झिंकमध्ये बुडवून काढलेलं लोखंड किंवा अॅल्युमिनियम घ्या, आणि जागेवर नवं भोक पाडलं तर तिथलं झिंक गेलं हे लक्षात ठेवून त्यावर झिंकचा रंग लावून घ्या. गंज पहिला तिथेच धरतो. पॅनेलखाली हवा खेळती राहू द्या, तापमानाचा हिशेब वर दिलाच आहे. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला, आणि कल त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या आसपास. पाच-सात अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

आता ज्या ओळीवर मला सर्वांत जास्त बोलायचंय ती: केबल आणि एमसी४. पॅनेलमधून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, आणि तिची छतावरची केबल साधी वायर नसते. कल्हई केलेलं तांबं, दुहेरी आवरण, उन्हाने न तडकणारं. तुमच्यासाठी ४ चौरस मिलिमीटर पुरते. तिच्या टोकाला एमसी४ कनेक्टर, नर आणि मादी, टक आवाज येईपर्यंत बसणारे.

एका ठिकाणी दोन स्ट्रिंगपैकी एक शून्य दाखवत होती. क्लँप मीटर लावला, करंट नाही. केबल हाताने चाचपत पॅनेलखाली गेलो तर एका जोडाचं प्लास्टिक वितळून काळा गोळा झालेला. कापून पाहिलं. पॅनेलबरोबर आलेला कनेक्टर एका कंपनीचा, केबलला लावलेला दुसऱ्याच कंपनीचा. दोन्ही दिसायला एकसारखे, बसलेही टक करून. पण आतल्या पिनांच्या मापात केसभर फरक, त्यामुळे स्पर्श अपुरा, म्हणून गरमी, गरमीने स्पर्श आणखी खराब. दोन वर्षं हे चाललं असावं. शिवाय पिन दाबायला योग्य क्रिम्पिंग हत्याराऐवजी पक्कड वापरलेली, दातांच्या खुणा दिसत होत्या. खाली छत सिमेंटचं होतं म्हणून बरं. तेव्हापासून माझा नियम: जोडणारे दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे. तुम्हीही कोटेशनमध्ये हे लिहून घ्या आणि काम चालू असताना क्रिम्पिंगचं हत्यार बघायला मागा. कारागीर हसला तरी चालेल.

डीसीचा जाळ विझत का नाही, हेही यातच येतं. घरातल्या लाइनची एसी वीज लाटेसारखी दिशा बदलत राहते, ५० हर्ट्झवर तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला दम घ्यायला जागा मिळते आणि ती तुटते. डीसीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ४०० व्होल्टचा जोड चालू असताना ओढला तर दोन टोकांमध्ये निळसर ज्वाळा ताणली जाते आणि हात भाजतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची बाजू तोडणारा स्विच, बंद, आणि मगच कनेक्टरला हात. उन्हात साध्या पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ते झाकता येतं तेवढंच.

आयसोलेटर ज्या डब्यात असतो तो डीसीडीबी. त्यात डीसीसाठीच बनवलेला स्विच हवा. एसीचा एमसीबी, म्हणजे घरच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तिथे लावलेला मी पाहिलाय, आतून जळालेला. दुसरी वस्तू एसपीडी. जवळपास वीज कोसळली की तारांमध्ये व्होल्टेजची लाट येते, ती एसपीडी जमिनीत सोडतो आणि त्यात स्वतः झिजत एक दिवस मरतो. त्याच्यावर छोटी खिडकी असते, हिरवी असेल तर जिवंत, लाल झाली की आतलं कार्ट्रिज बदलायचं. पावसाळ्यानंतर एकदा बघायचं काम फक्त हेच.

तिसरी वस्तू फ्यूज, आणि मघाशी म्हटलेली भरती हीच. तुमच्यासारख्या एकाच स्ट्रिंगला फ्यूज फारसा काही करत नाही. पॅनेल शॉर्ट झालं तरी १४ अँपियरच्या आसपासच देतं आणि काम करताना १३ देतं. १५ किंवा २० अँपियरचा फ्यूज उडणार कसा? फ्यूज खरा कामाला येतो तो तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर जोडल्या आणि त्यातल्या एकीत बिघाड होऊन बाकीच्यांचा करंट तिच्यात घुसला तर. तरीही मी एका स्ट्रिंगला फ्यूज लावलेला काढून टाका म्हणत नाही. काही ठिकाणी नियमात मागतात. पण ‘फ्यूज आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. पॅनेलच्या बाजूला शॉर्ट झालेलं फ्यूजला कळतच नाही, म्हणून तर केबल आणि जोड इतके जपायचे.

इन्व्हर्टर दोन कामं करतो. पहिलं, पॅनेलकडून जास्तीत जास्त ओढणं. ऊन आणि तापमान बदलतं तसा पॅनेलचा सर्वोत्तम बिंदू सरकत राहतो. इन्व्हर्टर व्होल्टेज थोडं वरखाली करत तो सतत शोधत असतो. यालाच एमपीपीटी म्हणतात. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची पॅनेल एकाच एमपीपीटीवर एका माळेत घालू नका. दोन बैल वेगळ्या चालीचे असले की गाडी मंद बैलाच्या चालीनेच जाते. दुसरं काम डीसीचं एसी करणं आणि ती ग्रिडच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनच्या, लाटेशी तंतोतंत जुळवून आत सोडणं. शिवाय रोज सकाळी चालू होण्याआधी तो पॅनेल आणि जमीन यांच्यातलं इन्सुलेशन तपासतो. पावसाच्या सकाळी ‘आयसोलेशन’ असा काहीतरी दोष दाखवून उशिरा चालू झाला आणि ऊन पडल्यावर बरा झाला, तर कुठेतरी केबल सोललेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी जातंय. आपोआप बरं झालं म्हणून सोडू नका.

दुपारी इन्व्हर्टर मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर बहुधा दोष त्याच्यात नसतो. ५,००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २२ अँपियर. इन्व्हर्टर छतावर आणि मीटर ३० मीटर दूर, मध्ये ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये ६ व्होल्ट खर्ची पडतात. वीज बाहेर ढकलायची असल्याने इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा तेवढं वर जावं लागतं. ग्रिडवर आधीच २४८ असतील तर इन्व्हर्टरला २५४ दिसतात, आणि त्याची मर्यादा २५३ वर बांधलेली असेल तर तो नियम पाळून बाहेर पडतो. उपाय: एसी केबल जाड घ्या किंवा इन्व्हर्टर मीटरजवळ आणा. त्याला सावलीत लावा आणि आजूबाजूला वीतभर मोकळी जागा सोडा. तापला की तोही ताकद कमी करतो.

लाइट गेल्यावर बंद का? एक कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे: बाहेर खांबावर माणूस काम करत असताना तुमच्या घरातून तारेत वीज जाता कामा नये. म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत सुटतो. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. साध्या ग्रिड इन्व्हर्टरला स्वतःची लाट बनवता येत नाही, तो ग्रिडच्या लाटेवर स्वार होतो. आणि नुसत्या पॅनेलवर घर चालवायचं तर ढग आला की किंवा फ्रिजच्या मोटरने सुरू होताना झटका मागितला की सगळं कोसळेल. तो झटका सोसायला बॅटरी लागते. म्हणजे हायब्रिड, बॅटरीवर स्वतःची लाट बनवू शकणारा इन्व्हर्टर, बॅटरी आणि लाइट गेल्यावर चालवायच्या दिवे, पंखे, फ्रिजसाठी वेगळा छोटा बोर्ड. घरात आधीपासून लहान इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर सोलर इन्व्हर्टर त्याच्या आउटपुटला जोडायचा विचारही करू नका. उलट्या बाजूने घुसलेली वीज त्या बिचाऱ्याला कुठे ठेवावी कळत नाही आणि तो जळतो. वीज क्वचित जात असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

घ्यायचीच तर हिशेब असा करा. ५१.२ व्होल्ट, १०० अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले साडेचार वापरायला मिळतात. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासाची ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची जुन्या पद्धतीची बॅटरी, कागदावर १.८ युनिटची, पण आयुष्य हवं असेल तर निम्मीच रिकामी करायची, म्हणजे ०.९. लिथियममध्ये १६ सेल माळेत असतात आणि बीएमएस नावाचं सर्किट एकेकीचं व्होल्टेज, करंट, तापमान पाहत असतं. फ्यूज इथे मात्र जीव वाचवतो. शॉर्ट झालेलं पॅनेल १४ अँपियर देतं, शॉर्ट झालेली बॅटरी हजारो. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो. बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज नसेल तर काम ताब्यात घेऊ नका.

एसी बाजूचा तसाच डबा तो एसीडीबी. त्यात एसी बाजूचा एमसीबी आणि तिथला एसपीडी. मीटरला येणारी आणि जाणारी वीज वेगळी मोजता यायला हवी. एवढंच.

अर्थिंग तीन का? एक पॅनेलच्या फ्रेम आणि स्ट्रक्चरसाठी, एक इन्व्हर्टर आणि एसी डब्यासाठी, एक तडितरोधकासाठी. आकाशातली वीज उतरवणारी पट्टी इन्व्हर्टरच्या केबलशेजारून आणू नका, तिची वाट वेगळी आणि सरळ ठेवा. जमिनीखाली हे तिन्ही एकमेकांना जोडायचे की नाही हे तुमच्याकडच्या विद्युत नियमाप्रमाणे. कारागिराला दोन गोष्टी विचारा. पॅनेलच्या फ्रेमवर गंजरोधक थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही, तेव्हा तो फोडून आत रुतणारा दातेरी वॉशर लावलाय का? आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मीटरने मोजून किती आला? ‘खड्डा केलाय, मीठ-कोळसा घातलाय’ हे उत्तर नाही. उत्तर ओहममध्ये असतं.

चालू झाल्यावर मोबाइलवर रोजचा आलेख दिसेल. स्वच्छ दिवशी तो गुळगुळीत टेकडीसारखा हवा. रोज त्याच वेळी खाच पडत असेल तर सावली, अख्खी टेकडीच हळूहळू बुटकी होत असेल तर धूळ. धुवायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. क्षाराचं पाणी असेल तर शेवटी पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग धुळीपेक्षा चिवट निघतात. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नका. काच तुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात.

काम ताब्यात घेताना एक कागद मागा: कुठलं पॅनेल कुठल्या जागी आणि कुठल्या स्ट्रिंगमध्ये, त्यांचे सिरियल नंबर, त्या दिवशी मोजलेलं प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज, इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा आकडा. त्याची एक प्रत डीसीडीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पाच वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी टॉर्च तोंडात धरून तो डबा उघडेल, तेव्हा त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमची मजुरी.